गुडघ्याच्या वाटीवरची सावली

वहिनींचा गुडघा खरोखर दुखतो आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. हे वाक्य पहिल्यांदा लिहून टाकतो, कारण पुढे गेलो की मी ते टाळीन. स्वतःला तेवढं ओळखतो मी. घरात मला कमी बोलणारा म्हणतात. कमी बोलण्यात एक सोय असते. माणूस काय सांगत नाहीये, हे त्याला कोणी विचारत नाही.

भोरमधल्या एका लहान दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. वय पन्नाशीच्या पुढे गेलं, पण काम तेच. आमच्या भागात एक्स-रेला फोटो म्हणतात आणि मला फोटोवाले. फोटो काढणं माझं काम, वाचणं डॉक्टरांचं. पण भाटघरच्या बाजूची, आंबवड्याची, पार शिवऱ्याकडची माणसं डॉक्टरांकडून बाहेर आली की पुन्हा माझ्या दाराशी येत. "डाक्टर बोलले त्ये असूंदे. तुमी सांगा, काय हाय त्यात?" मग मी फोटो खिडकीशी धरायचो आणि बोटानं दाखवायचो. गुडघ्याचा असला की दोन हाडांमधली काळी रेघ दाखवायचो. "ही फट बघा. फट आहे तोवर काळजी नाही." एवढं बोललो की माणसाचा चेहरा सैल व्हायचा. मला ते आवडायचं. आवडायचं म्हणण्यापेक्षा, मला त्याची चटक लागली होती.

आमचं मूळ घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत आहे. तिथं थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. भातखाचरं दोघा भावांत तोंडी वाटलेली आहेत. निम्मी माझी. पण मी नोकरीला भोरला, त्यामुळे माझ्या वाट्याची खाचरंही तीच दोघं लावतात. दिवाळीनंतर इंद्रायणीची पोती टेम्पोनं खाली येतात. "आमच्याकडं विकतचा तांदूळ कधी आला नाही," हे माझी बायको पाहुण्यांना कौतुकानं सांगते. मीही शेजारी बसून मान हलवतो.

वाडीत लावणीला मजूर मिळत नाहीत. तिथं पैरा चालतो. आज तुमच्या रानात आमची बाई, उद्या आमच्या रानात तुमची. जितक्या जणी तुमच्या खाचरात उतरल्या, तितके दिवस तुमच्या घरच्या बाईनं इतरांच्या चिखलात उभं राहायचं. याला पैरा फेडणं म्हणतात. पैसे देऊन तो फिटत नाही. एखादीनं पैसे पुढे केले तर बाकीच्या त्याकडं बघतसुद्धा नाहीत, पण वर्षभर ते विसरतही नाहीत.

आमच्या दोन घरांत पैरा फेडणारी बाई एकच. वहिनी. माझ्या खाचरांत ज्या बायका उतरत, त्यांचा पैराही वहिनीच फेडत. माझं लग्न झाल्यापासून हे असंच होतं. बायको शिवऱ्याकडची. हायवेला माहेरच्यांचं दुकान, त्यामुळे ती कधी चिखलात उतरलेली नव्हती. तिनं उतरावं असं मी कधी म्हटलं नाही. वहिनींनी दोन घरचं फेडू नये असंही कधी म्हटलं नाही. दोन्ही गोष्टी न बोलता चालल्या होत्या.

गुडघ्याचं त्यांनी मला पहिल्यांदा एका दिवाळीत सांगितलं. करंज्या लाटायला बसल्या होत्या, एक पाय पुढं पसरून. "भावजी, हा गुडघा सकाळचा फुगतोय. वाटीच्या वर. आत पानी झाल्यावानी वाटतंय." मी म्हटलं, तेल लावा. पुढच्या वैशाखात त्यांनी पुन्हा काढलं. तेव्हा भाऊच म्हणाला, "तुझ्याकडं मशीन हाय, तर बघ की एकदा." म्हणून त्या नसरापूरला एसटी बदलून भोरला आल्या. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. घरचं माणूस म्हणून मी तसाच फोटो काढला.

उभं करून समोरून एक, टेबलावर कुशीवर झोपवून बाजूनं एक. बाजूचा काढताना गुडघा थोडा वाकवून धरावा लागतो. माझा हात त्यांच्या गुडघ्याला लागला. तो गरम होता. दुसऱ्याला हात लावून पाहिला, तो गार. वहिनी म्हणाल्या, "तुमचा हात गार हाय. बरं वाटलं." आयुष्यात आम्ही एकमेकांशी मोजकंच बोललेलो. दीर-भावजयीत जेवढं अंतर ठेवायचं तेवढं ठेवून. त्या वाक्यानं मी उगाच अवघडलो आणि हात काढून घेतला.

समोरचा फोटो चांगला होता. फट शाबूत, कडेला हाडाचं एक बारीक टोक, बस. बाजूच्या फोटोत मात्र गुडघ्याच्या वाटीच्या वर करडी सावली फुगलेली होती. तिथं इतकी सावली नसायला हवी. सांध्यात पाणी साठलं की ती दिसते. इतकी वर्षं फोटो काढणाऱ्याला ती न दिसायला डोळे मिटूनच घ्यावे लागतील. मी ते मिटले नाहीत. सावली पाहिली. आणि पाटी पुसावी तशी मनातून पुसली.

कारण काय, ते आता सरळ सांगतो. लावणी तोंडावर आली होती. सावली आहे म्हटलं की पुढचं सगळं आलं. वहिनींना चिखल बंद, आणि मग माझ्या वाट्याचा पैरा कोण फेडणार? बायकोला सांगावं लागणार. ती नाही म्हणणार. मग भावापुढं आणि वाडीपुढं माझी शोभा होणार. हे एवढं सगळं त्या अंधाऱ्या खोलीत, फोटो धुऊन बाहेर येईस्तोवर माझ्या डोक्यातून फिरून गेलं.

त्याच सकाळी आंबवड्याचे एक म्हातारे येऊन गेले होते. त्यांच्या गुडघ्यात फट उरलीच नव्हती, हाडावर हाड. तरी ते स्टँडपासून चालत आले होते आणि जाताना मला म्हणाले होते, "फोटोवाले, आमचं मशीन जुनं, पन वंगण टाकलं की पळतंय." त्यांचा फोटो अजून टेबलावर होता. मी तो वहिनींच्या फोटोशेजारी धरला.

"हे बघा, यांची फट गेली. तरी चालतात. तुमची बघा किती चांगली आहे. थोडी झीज आहे, वयाची."

वहिनींनी दोन्ही फोटो निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "मंग दुखतंय कशानं?"

"तिकडं सारखं लक्ष देऊ नका," मी म्हणालो. "मनानं वाढतं ते."

त्यांनी पदर सारखा केला. फोटो घरी नेता का विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई, तुमीच ठेवा. तुमास्नी कळतंय त्यातलं."

आषाढात आमच्या खाचरांच्या लावणीला मी वर गेलो. मालक म्हणून एक दिवस जायचं, बायकांना चहा-बिस्किटं न्यायची, हा माझा रिवाज. खाचरात भावानं चिखल करून ठेवला होता. बायका बांधावर उभ्या होत्या, डोक्यावरून प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी घेतलेल्या. कोणी खाली उतरत नव्हतं. वहिनींनी सकाळीच निरोप दिला होता की यंदा मी खाली उतरणार नाही, भाकरी करीन, रोपांच्या मुठी बांधून देईन. बायकांना ते पटलं नव्हतं. पैऱ्यात आजवर असं कोणी केलं नव्हतं.

आमच्या भावकीतली एक शेजारीण आहे, तोंडाची तिखट. तिनं मला गाडी लावतानाच गाठलं. "भावजी, वैनी म्हनत्यात गुडगा गेला. तुमच्यात फोटो काढला म्हनं. काय निगालं?"

फोटो माझ्या पिशवीत होता. मी तो बरोबर का घेतला होता, याचं उत्तर मी बरेच दिवस स्वतःला दिलं नाही. कोणीतरी विचारील म्हणूनच घेतला होता. तो बाहेर काढला आणि आभाळाकडं धरला. समोरून काढलेला. बाजूचा पिशवीतच ठेवला.

"ही फट दिसते का? चांगली आहे. थोडी झीज म्हणजे काय, आपल्या सगळ्यांनाच असते."

"कोराच हाय की फोटो," मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

शेजारीण म्हणाली, "आमचं बी काडा भावजी. कोरं निगालं तर आमी बी बांधावर बसतो, चा पितो."

मीसुद्धा हसलो. हसता हसता मागं वळलो तर वहिनी उभ्या. डोक्यावर भाकरीची पाटी. कधी आल्या होत्या कोण जाणे. पाटी त्यांनी बांधावरच्या दगडावर उतरवली, लुगडं वर खोचलं, आणि कोणाकडं न बघता चिखलात पाय घातला.

त्या दिवशी त्या कशा लावत होत्या, ते मी थोडा वेळ पाहिलं. दुखरा पाय बाजूला ताठ ठेवून वाकायच्या. ते जमेना म्हणून मग चिखलातच गुडघे टेकले आणि रांगत रोपं खोचत गेल्या. बाकीच्या पुढं जायच्या, यांची ओळ मागं राहायची. "चला की वैनी, कोऱ्या फोटोला काय हुतंय," असं कोणी म्हणालं. मी भावाला सांगितलं, ड्यूटी आहे, निघतो. तो रविवार होता. माझी सुट्टी होती.

तो सगळा हंगाम वहिनींनी दोन्ही घरांचा पैरा फेडला. वाडीत कामाचा कंटाळा केला की 'कोरा फोटो' म्हणायची रीत पडली. पोरंसुद्धा एकमेकांना म्हणायची. भाऊ हे मला फोनवर सांगायचा. हसत सांगायचा नाही, पण रागानंही नाही. मी म्हणायचो, बायकांचं काय मनावर घ्यायचं.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "ती उठंना. टेम्पो बघून घिऊन येतो."

आमच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून येतात. बाई आहेत, तरुण, आवाज बारीक पण बोलणं स्वच्छ. गुडघ्यातल्या पाण्यावर पुण्यात काही संशोधन चाललं आहे, त्यात त्या आहेत. ज्यांच्या गुडघ्यातून पाणी काढावं लागतं, त्यांची तयारी असली तर त्यातलं थोडं पाणी त्या जपून पुण्याला नेतात. ते मला माहीत होतं. बर्फाची पेटी मीच फ्रीजजवळ ठेवत असे. पण त्या पाण्यात काय शोधतात हे मी कधी विचारलं नव्हतं. पाणी माझ्या फोटोत नसतं, म्हणून त्याचं मला काही वाटत नसे.

तपासणीच्या खोलीत वहिनींबरोबर मी गेलो. भाऊ बाहेर थांबला, तो दवाखान्याला बिचकतो. बाईंनी गुडघा चाचपला आणि वहिनींना विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. तर आजी, तुमचं किती दुखतंय?"

मी म्हणालो, "चार-पाच असेल मॅडम."

आमच्याकडं हे असंच असतं. बाईमाणसाबरोबर आलेला पुरुष उत्तर देतो. पाळीचं, बाळंतपणाचं, सगळ्याचं. मी रोज पाहतो, आणि तोवर मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडं न पाहता म्हटलं, "मी त्यांना विचारलं."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली. म्हणाल्या, "भावजी म्हनत्यात तेवडंच आसंल."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. खोलीला दार नाही, पडदा आहे. मी पडद्याबाहेर उभा राहिलो. लांब जाऊन बसता आलं असतं.

आत खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज झाला. मग बाई म्हणाल्या, "आता सांगा. आकडा नको. काय काय करता येत नाही ते सांगा."

"परसाकडं बसता येत न्हाई ताई."

"मग काय करता?"

"पानी पीत न्हाई. लावनीत तर दिसभर घोट बी न्हाई. न पिलं की जायाला लागत न्हाई."

"किती दिवस असं?"

"दिस कुठलं. दुसरं वरीस." मग आवाज आणखी खाली आला. "ह्यापरास बाळंतपन बरं. त्ये सपतं तरी."

"मी नऊ लिहिते."

"लिवा. पन भावजींस्नी सांगू नका. त्यांनी फोटो काढलाय, त्यांना वाईट वाटंल."

मी भिंतीला टेकलो. समोरच्या बाकावर भाऊ बसला होता. त्यानं खुणेनं विचारलं, काय? मी खुणेनंच सांगितलं, काही नाही.

पाणी काढताना बाईंनी मला आत बोलावलं, पाय धरायला. सुई आत गेली तशी वहिनींनी माझं मनगट पकडलं नाही, टेबलाची कड पकडली. सिरिंज भरली. जुन्या गवतासारखं पिवळं पाणी, किंचित गढूळ. दुसरी सिरिंज लावावी लागली. त्यातलं थोडं पुण्याला न्यायला वहिनी हो म्हणाल्या होत्या. इतकं पाणी गुडघ्यात घेऊन वहिनी चिखलातून रांगल्या होत्या. बाईंनी एक थेंब हातमोज्याच्या दोन बोटांत धरून बोटं लांब केली. "निरोगी सांध्यातलं पाणी दाट असतं. पाकासारखी तार येते त्याला. हे बघा." तार आलीच नाही. थेंब तुटून खाली पडला.

काम झाल्यावर त्यांनी मागचा फोटो मागितला. मी दोन्ही दिले. समोरचा त्यांनी लगेच बाजूला ठेवला. दुसरा उजेडाच्या पेटीवर लावला आणि वाटीवरच्या जागी बोट ठेवलं.

"ही दिसते ना सावली?"

"हो."

"तेव्हा दिसली होती?"

"नाही मॅडम. घाईत होतो," मी म्हणालो.

वहिनी टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होत्या. त्यांना 'सावली' म्हणजे काय ते कळलं असेल असं मला वाटत नाही. पण माझा आवाज त्या ओळखतात.

बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, शिकाऊ पोराला सांगावं तसं. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, ते फोटोतल्या फटीवरून कळतं. पण कूर्चेला स्वतःला दुखत नाही, तिच्यात दुखणं पोचवणारे तंतूच नसतात. दुखतं ते सांध्याच्या आतल्या अस्तराला, खालच्या हाडाला. अस्तर सुजलं की जास्तीचं पाणी सुटतं आणि त्या पाण्यात सुजेची रसायनं उतरतात. म्हणून एखाद्याची फट गेलेली असते आणि तो चालतो. एखादीची फट शाबूत असते आणि तिला उठवत नाही.

"मग त्या पाण्यावरून दुखणं किती ते कळतं?" मी विचारलं.

"अजून तितकं नाही कळत. काही रसायनं दुखण्याशी जुळतात असं वाटतं, काही मुळीच जुळत नाहीत. तेच तर बघतोय. पण जुळतंय की नाही हे बघायला पाण्याच्या शेजारी त्या माणसाचं स्वतःचं सांगणं ठेवावं लागतं. तेच तुम्ही बदलून देत होता."

मी म्हणालो, "यांच्या पाण्याचा रिपोर्ट मला मिळेल का?"

मला तो कागद हवा होता. मी मनातल्या मनात तो घेऊन वाडीत पोचलोसुद्धा होतो. हे बघा, पाण्यात निघालं, वहिनी खोटं बोलत नव्हत्या. फोटोनं जे बिघडवलं ते कागदानं दुरुस्त करायचं, आणि मी मधे फक्त उभं राहायचं.

"नाही," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या नळ्यांवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. सगळ्यांचं मिळून बघतात. एकेकाचा रिपोर्ट नाही निघत. आणि तुम्हाला तो कशाला हवा? त्यांनी सांगितलंय की."

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. सावलीचंही. इतक्या वर्षांत तिला इतकं सलग काही सांगितलं नसेन. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"मग मला का नाही म्हणालात?" ती म्हणाली. "मी गेले असते."

"चिखलात?"

"नसते गेले तर नाही म्हटलं असतं. विचारायचं तरी होतं."

ती गेली असती की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. पण जिच्या नकाराला भिऊन मी हे केलं, तिला मी विचारलंच नव्हतं. लाज कशाकशाची वाटावी याला काही सुमार राहिला नाही.

कार्तिकात भात झोडायला मी वर गेलो, ते ठरवून. खळ्यावर त्याच सगळ्या बायका होत्या. वहिनी काठी टेकत आल्या होत्या आणि उपड्या पाटीवर बसून पेंढ्या सरकवत होत्या. औषधानं आणि पट्ट्यानं थोडा उतार होता, पण खाली बसणं बंद ते बंदच. चहा झाला तेव्हा मी म्हणालो, "मला एक सांगायचं आहे."

मी असं कधी म्हणत नाही, त्यामुळे सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"वहिनींच्या फोटोत पाणी दिसत होतं. मी पाहिलं होतं. तुम्हाला दाखवला नाही तो फोटो. त्या खरं सांगत होत्या, मी खोटं बोललो."

मग शेजारणीनं कपातला तळाचा चहा लांब फेकला.

"मंग तवा खोटं बोलला का आता?"

"तेव्हा."

"कशावरनं?"

मी हातातला कप खाली ठेवला. ती म्हणाली, "तवा फोटो दावला हुता. आता काय हाय हातात? कागद दावा की."

"कागद नाही. मी सांगतोय ना."

"वैनी आजारी पडल्या म्हनून सांगताय, व्हय. घरचं मानूस हाय, बाजू घ्यावीच लागती. आमी काय म्हनतोय का न्हाई घेऊ?" आणि ती हसली. वाईट हेतूनं नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. खोटं बोललो तेव्हा फोटो हातात होता म्हणून ते खरं ठरलं. खरं बोललो तेव्हा हात रिकामे होते.

मी वहिनींकडं पाहिलं. त्या पेंढी बांधत होत्या. मान वर केली नाही. म्हणाल्या, "भावजी, चा गार हुतोय."

वाडीत आमची एक थोरली चुलती आहे. पैऱ्यात कोणाची बाई कोणाकडं जाणार हे तिला तोंडपाठ असतं. तिला कमी ऐकू येतं, पण एवढं ऐकलं होतं. ती म्हणाली, "कागुद नगं आन् फोटू नगं. म्या एवडंच इचारते. तुज्या वाट्याच्या खाचरात आमी उतरतो. तुज्या घरची बाई आजवर कुनाच्या रानात उतरली? हिनंच फेडलं ना तुजं? दोन घरचं?"

"हो काकी."

"मंग तिचा गुडगा कोरा आसंल न्हाईतर भरल्याला आसंल, तुजं तू फेड. बायकूला आन. येत नसंल तर तू ये. बापय मानूस चिकलात उतरला तर बुडत न्हाई."

बायका पुन्हा हसल्या, पण आता माझ्यावर. शेजारीणही हसली. वहिनी खोटं बोलत होत्या की नव्हत्या, याचा निकाल तिथं लागला नाही. तो प्रश्न चुलतीनं नुसता बाजूला सारला. मला वाटत होतं, मी कबूल केलं की काहीतरी धुतलं जाईल. तसं झालं नाही. कामाला लागले सगळे.

यंदाच्या आषाढात आम्ही दोघं गेलो. दवाखान्यात रजा टाकली. बायकोनं तिच्या माहेरी सांगितलं नाही कुठं चाललो ते. पहिल्या खाचरात ती पाय घसरून पडली आणि उठताना मला धरून मलाही पाडलं. बायकांना दिवसभर पुरलं ते. माझी ओळ वाकडी जायची. रोपं वर तरंगायची. शेजारीण मागं येऊन ती पुन्हा खोचायची आणि म्हणायची, "भावजी, ही शेती हाय, बटन न्हाई." माझी कंबर धरली, मांड्या आखडल्या. माझे गुडघे मात्र ठीक होते. ते ठीक आहेत याचीच दिवसभर लाज वाटत राहिली.

वहिनी बांधावर होत्या. भावानं खुर्ची आणून ठेवली होती, पण बायकांच्या देखत त्या तिच्यावर बसल्या नाहीत. दगडाला टेकून, पाय पसरून रोपांच्या मुठी बांधत राहिल्या. त्यांनी खाली उतरावं असं कोणी म्हटलं नाही. बायकांना पटलं म्हणून, की पैरा फिटत होता म्हणून, मला सांगता येणार नाही. दुपारपर्यंत एकदा 'कोरा फोटो' ऐकू आलं. कोण कोणाला म्हणालं ते कळलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा मी वहिनींच्या शेजारी गेलो. भाकरीवर ठेचा होता. तांब्या त्यांच्या हाताशी होता आणि त्या पाणी प्यायल्या, तेवढं पाहिलं. मग मी विचारलं. आजवर कधी विचारलं नव्हतं ते.

"वहिनी, आज किती दुखतंय?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, खाल्ला. घाई केली नाही.

"तुमास्नी सांगून बघितलं की एकदा," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. ज्या दुकानात वस्तू मिळत नाही तिथं पुन्हा का जायचं, इतकं साधं होतं ते.

थोड्या वेळानं माझी बायको हात धुऊन आली आणि त्यांच्या पलीकडं बसली. तिनं काही विचारलेलं मी ऐकलं नाही. वहिनी तिच्याकडं झुकल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. बराच वेळ बोलत होत्या. बायको मधे मधे हं म्हणत होती. मी भाकरी घेऊन थोडा सरकून बसलो, त्यांना माझी अडचण नको म्हणून.

संध्याकाळी गाडीवर भोरला येताना बायकोला विचारावं असं दोनदा वाटलं. विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.